घाटवाट आणि शेवटची एसटी

मुंबई-पुण्याहून एका दिवसासाठी डोंगरात किंवा खेड्यापाड्यांतून चालायला जायचे तर स्वतःची गाडी हवी, नाहीतर पैसे भरून एखाद्या ट्रेकच्या बसमधली जागा धरावी, ही समजूत आता इतकी रुजली आहे की तिची कारणे कोणी विचारत नाही. विचारलीच तर चार ठरावीक उत्तरे मिळतात. रेल्वे आणि एसटी पायथ्यापर्यंत पोहोचत नाहीत. पोहोचल्याच तर वेळ फार जातो. परतीचा भरवसा नसतो. आणि बायकामुलांना घेऊन असे जाणे सुरक्षित नाही. यांतली पहिली दोन उत्तरे चूक आहेत, तिसरे बऱ्याच अंशी खरे आहे आणि चौथे अर्धेमुर्धे. पण चारही उत्तरांच्या मुळाशी एक न बोललेले गृहीत आहे: जिथे उतरायचे, तिथेच परत यायचे. सह्याद्रीत चालणाऱ्याच्या पायातली खरी बेडी हीच, आणि ती घालते गाडी.

या भागाची घडण साधी आहे. पश्चिमेला कोकणची सखल पट्टी, पूर्वेला ६०० ते ७०० मीटर उंचीवरचा देश, आणि दोहोंच्या मध्ये उभ्या कातळकड्यांची भिंत. भिंतीतून वर जाणाऱ्या जुन्या वाटा म्हणजे घाटवाटा. बंदरात उतरलेला माल देशावरच्या बाजारपेठांत पोहोचवायचा आणि देशावरचा माल बंदरात आणायचा, यासाठी त्या पडल्या. नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनकालीन लेणे आहे, त्यात नागनिकेचा कोरीव लेख आहे, आणि जवळच जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण. दोन हजार वर्षांपूर्वी या वाटेने वर येणारा व्यापारी रांजणाला हात लावून आल्या पावली खाली उतरत नसे. त्याला जुन्नरला जायचे असे, म्हणून तो घाट चढत असे.

गाडीने येणारा आज नेमके ते करतो, जे त्या व्यापाऱ्याने कधी केले नसते. मुरबाडच्या रस्त्याने वैशाखरे ओलांडायचे, डांबरी रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, दोन-तीन तास चढायचे, लेण्यात बसून डबा खायचा आणि त्याच पायऱ्यांनी उतरायचे, कारण गाडी खाली आहे. गाडी घेऊनच वरच्या घाटघरला जायचे तर माळशेज चढून, जुन्नर गाठून, पुन्हा पश्चिमेला कड्यापर्यंत यावे लागते. मग घाट चढण्याचा प्रश्नच मिटला. कल्याणहून माळशेजमार्गे आळेफाटा-जुन्नरकडे जाणाऱ्या एसटीतून वाटेच्या तोंडाशी उतरणाऱ्याला ही पंचाईत नाही. त्याने घाट चढावा, पठारावरून घाटघर गाठावे, तिथून मिळेल त्या वाहनाने जुन्नर, आणि जुन्नरहून पुण्याची गाडी. मागे ठेवलेले काही नाही, त्यामुळे मागे फिरायचे कारण नाही.

मुंबई-पुण्याचे भाग्य असे की रेल्वेही या भिंतीच्या दोन्ही अंगांना आहे. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले, तेव्हा पुढे बोरघाट चढायला पालखी, तट्टू नाहीतर स्वतःचे पाय. १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग सुरू झाला आणि १८६५ मध्ये थळघाटातून गाडी इगतपुरीला पोहोचली. त्या वेळच्या अभियंत्यांनी हे चालणाऱ्यांसाठी केले नव्हते, पण पदरात पडले ते असे: घाटाखाली कर्जत, पळसदरी, खोपोली, कसारा, घाटावर लोणावळा, मळवली, कामशेत, इगतपुरी. खालच्या स्थानकांना मुंबईची लोकल आहे. लोणावळा, मळवली, कामशेतला पुण्याची. एका स्थानकात उतरून दुसऱ्यात चढायचे, एवढे ठरले की आखणीचे निम्मे काम झाले.

राजमाची हे याचे सगळ्यात सोपे उदाहरण. लोणावळ्याला उतरून तुंगार्लीवरून निघाले की १५-१६ किलोमीटरची वाट रानातून उधेवाडीपर्यंत जाते. वाटेत फार चढ नाही. गावात सांगून ठेवले तर भाकरी मिळते. श्रीवर्धन किंवा मनरंजन, बालेकिल्ल्यांपैकी एक पाहून पश्चिमेकडच्या वाटेने उतरायला लागले की कोंढाणे लेण्यांवरून कोंदिवड्याला पोहोचता येते, आणि तिथून टमटमने कर्जत. सकाळी देशावरच्या स्थानकात उतरलेला माणूस संध्याकाळी कोकणातल्या स्थानकात चहा पितो. हीच वाट गाडीवाल्याने करायची ठरवली तर गाडी लोणावळ्यात राहते आणि ती आणायला कर्जतहून रेल्वेनेच घाट चढावा लागतो. असे करणारे आहेत. त्यांनी रेल्वेचे तिकीट काढलेच, शिवाय टोलही भरला.

कुरवंड्याची वाटही याच जातीची. लोणावळ्याहून कुरवंडे गावापर्यंत चालत जावे, नागफणीचे टोक उजवीकडे ठेवून जुन्या घाटाने चावणीला उतरावे. १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज याच घाटाने खाली उतरून उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडली. ही लढाई पुस्तकात वाचणे वेगळे आणि तो उतार पायांखाली घालणे वेगळे. दोन्ही बाजूंची झाडी आणि अरुंद वाट पाहिली की एवढी फौज वळवायला जागा का मिळाली नसेल, हे सांगावे लागत नाही. उंबरखिंडीच्या स्मारकाकडे गाडीने जाणारा खालून जातो आणि खालूनच परततो. खानाची वाट त्याला दिसतच नाही. चालत आलेला चावणीतून पाली-खोपोली रस्त्याकडे निघतो, आणि खोपोलीला लोकल आहे.

माथेरानच्या बाबतीत तर वाद घालायलाही जागा नाही. गावात मोटारींना बंदी आहे. गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवावीच लागते. तरीही पावसाळ्यातल्या रविवारी नेरळच्या घाटात गाड्यांची रांग लागते, आणि ज्या ठिकाणाचे वैशिष्ट्यच मोटार नसणे हे, तिथे पोहोचण्यासाठी लोक मोटारीत बसून राहतात. भिवपुरी रोड स्थानकात उतरून गार्बेटच्या पठारावर चढावे, माथेरानच्या लाल मातीतून गाव ओलांडावे आणि १९०७ मध्ये सुरू झालेल्या छोट्या गाडीच्या रुळांच्या संगतीने नेरळकडे उतरावे, हा दिवसभराचा कार्यक्रम लोकलच्या परतीच्या तिकिटात होतो.

पुणेकरांना रेल्वेचा एवढा आधार नाही, पण शहर बस आणि एसटी आहे. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून टेकड्यांच्या धारेने सिंहगड गाठायचा आणि आतकरवाडीला उतरून पीएमपीची बस पकडायची, ही वाट पुण्यातल्या अनेकांनी केली आहे. दोन्ही टोकांना शहर बस आहे, म्हणूनच ती एवढी रुळली. राजगड-तोरणा ही जोडी घ्या. गुंजवण्याला उतरून राजगड चढायचा, संजीवनी माचीवरून निघून बुधला माचीवर यायचे आणि तोरण्यावरून वेल्ह्याला उतरायचे. गुंजवणे आणि वेल्हे ही दोन वेगळ्या रस्त्यांवरची गावे, दोन्ही रस्ते मार्गासनीला मिळतात. स्वारगेटहून येणाऱ्या एसटीला याचे काही वाटत नाही. ज्याची गाडी गुंजवण्यात आहे, तो वेल्ह्यात पाय ओढत उतरल्यावर दुसऱ्या कोणाची तरी गाडी शोधतो.

आता एसटी पायथ्यापर्यंत जात नाही, हा आक्षेप. त्यातला ‘पायथा’ हा शब्दच तपासायला हवा. गाडी जिथपर्यंत जाते त्या जागेला आता पायथा म्हणतात, आणि डांबर पुढे सरकले की पायथाही सरकतो. लोहगडाला जाणारा माणूस पूर्वी मळवलीला उतरून भाज्यातून, गायमुख खिंडीवरून चढत असे. आता लोहगडवाडीपर्यंत रस्ता आहे, तेव्हा वाडीतल्या पायऱ्यांपासून वर जाणे म्हणजे लोहगड, असा हिशेब झाला. भाज्याची लेणी, खिंडीतून एका बाजूला विसापूर आणि दुसऱ्या बाजूला लोहगड दिसण्याचा क्षण, भातखाचरांतली वाट, हे सगळे गाडीच्या काचेतून मागे पडते. जुलै २०२५ मध्ये लोहगडाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीतल्या १२ मराठा किल्ल्यांत झाला. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोहगडवाडीच्या या रस्त्याची काय अवस्था होते हे भाजे गावच्या लोकांना विचारावे. मळवली स्थानक मात्र भाज्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आसनगावहून माहुलीचा पायथा पाच-सहा किलोमीटर, सफाळ्याहून तांदुळवाडीची वाट त्याहून थोडी लांब. ज्याला दिवसभर चालायचे आहे त्याने सकाळच्या या सपाट तासाभराची तक्रार करावी, हे विचित्र आहे. याच तासात पाय मोकळे होतात, गावातली विहीर कळते, आणि परतीच्या गाडीची वेळ सांगणारा माणूस भेटतो. शिवाय प्रत्येक चालण्याच्या शेवटी किल्ला असलाच पाहिजे, असा कोणताही नियम नाही. पवनेच्या खोऱ्यातून कामशेतपर्यंतचा साधा गावरस्ता, बेडशाची लेणी वाटेत घेऊन, हिवाळ्यातल्या एखाद्या दिवशी कोणत्याही बुरुजापेक्षा कमी नाही.

वेळेचा आक्षेप आकड्यांपुढे टिकत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत १०० किलोमीटर आणि कसारा सुमारे १२०; लोकलला अनुक्रमे दोन आणि अडीच तासांच्या आसपास लागतात, आणि रविवारी संध्याकाळी द्रुतगती मार्ग तुंबला तरी तेवढेच लागतात. गाडीवाला जाताना अर्धा-पाऊण तास वाचवतो हे मान्य. तो येताना फेडतो. पण या हिशेबात एक बाब नेहमी गळते. सात-आठ तास चाललेल्या, उन्हाने शिणलेल्या माणसाने रात्री बोरघाट किंवा कसारा घाट गाडी चालवत उतरायचा असतो. चौघे मागे झोपतात आणि पाचवा डोळ्यांवर पाणी मारत राहतो. लोकलमध्ये पाचही जण झोपतात. फार तर कल्याणला उतरायचा माणूस दादरला जागा होतो.

परतीच्या भरवशाचा मुद्दा इतक्या सहज उडवता येत नाही, आणि खरी आखणी इथेच सुरू होते. एसटीचे वेळापत्रक शहरातल्या माणसासाठी लिहिलेले नसते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हापासून या सेवेचा कणा गाव आणि तालुका यांच्यातला आहे. गावातल्या माणसाला सकाळी तालुक्याला जायचे असते: कचेरी, दवाखाना, बाजार, कॉलेज. संध्याकाळी त्याला घरी परतायचे असते. म्हणून संध्याकाळी तालुक्याहून निघालेली शेवटची गाडी गावातच मुक्काम करते, चालक-वाहक तिथेच झोपतात, आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून तालुक्याला येते. हिला मुक्कामी गाडी म्हणतात. शहरातून सकाळी गावात जाऊन संध्याकाळी परतू पाहणारा माणूस या वेळापत्रकाच्या बरोबर उलट्या दिशेने चालत असतो. गाडी मिळत नाही म्हणून तो एसटीला दोष देतो, पण गाडी असते. ती त्याच्या विरुद्ध दिशेला भरून गेलेली असते.

हे एकदा कळले की दोन मार्ग निघतात. एक, मुक्कामी गाडीनेच जावे. शुक्रवारी किंवा शनिवारी संध्याकाळी तालुक्याच्या स्थानकातून ती पकडायची, रात्री गावात देवळात नाहीतर कोणाच्या पडवीत झोपायचे, आणि उजाडताच चालायला लागायचे. डोंगरकडेच्या कितीतरी गावांत आता जेवणा-राहण्याची सोय रीतसर मिळते, त्यामुळे ओळख नसली तरी अडत नाही. मुंबईकरांची जुनी युक्ती याच विचाराची आहे: मध्यरात्रीच्या आसपासची शेवटची कसारा किंवा कर्जत लोकल धरायची, फलाटावर वर्तमानपत्र अंथरून पहाटेपर्यंत पडायचे आणि पहिल्या एसटीने निघायचे. फलाटावरची ती झोप कोणाला आवडत नाही, पण पायथ्याशी सूर्योदयाला पोहोचायचे दुसरे साधन क्वचितच असते.

दुसरा मार्ग म्हणजे अवघड टोक सकाळी आणि सोपे टोक संध्याकाळी ठेवणे. ज्या टोकाला दिवसातून दोन-तीनच गाड्या, तिथून सुरुवात. जिथे महामार्ग, रेल्वे किंवा मोठे देवस्थान, तिथे शेवट. खांडसहून भीमाशंकर चढणे या कसोटीला पूर्ण उतरते. कर्जत-नेरळकडून खांडसला जाणारी वाहने मोजकी, ती सकाळी गाठायची. गणेश घाटाने किंवा, शिड्यांची सवय असेल तर, शिडी घाटाने वर यायचे. वर ज्योतिर्लिंग असल्याने पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना तोटा नाही. याच न्यायाने नाणेघाट खरे तर पुणेकराने करावा हे उत्तम. सकाळी जुन्नरहून घाटघर, दुपारी घाट उतरून कल्याणचा रस्ता, आणि तिथे हात दाखवला की थांबणारी साधी गाडी. मुंबईहून चढणाऱ्याला संध्याकाळी घाटघरला वाहन मिळेलच असे नाही. त्याने एक तर तिथे मुक्काम धरावा किंवा जुन्नरची जीप आधी सांगून ठेवावी. वर नाणेघाटाची जी आखणी दिली ती यामुळे खोटी ठरत नाही, पण ती दोन दिवसांची समजणे शहाणपणाचे.

हरिश्चंद्रगडाला हा न्याय सरळ लागू पडतो. राजूरकडून पाचनईला सकाळी पोहोचायचे, गड ओलांडून टोलारखिंडीने खिरेश्वरला उतरायचे आणि चालत खुबी फाटा गाठायचा. फाटा कल्याण-आळेफाटा रस्त्यावर आहे. उलट दिशेने निघालेली मंडळी संध्याकाळी पाचनईत अडकतात आणि मग एसटीचा भरवसा नाही असे सांगत घरी येतात.

गाडीच्या वेळा कुठून कळणार, हा उपप्रश्न. आरक्षणाच्या यादीत लांब पल्ल्याच्या गाड्या दिसतात. आगारातून आसपासच्या खेड्यांत जाणाऱ्या साध्या फेऱ्यांचा पत्ता तिथे लागत नाही. तो लागतो स्थानकाच्या भिंतीवर रंगवलेल्या फलकावर, चौकशीच्या खिडकीत आणि सगळ्यात खात्रीने वाहकाजवळ. सकाळी ज्या गाडीने जायचे त्याच गाडीच्या वाहकाला, संध्याकाळी शेवटची गाडी किती वाजता आणि ती खरोखर येते का, असे दोन्ही प्रश्न विचारावेत. पहिल्याचे उत्तर फलकावरही असते, दुसऱ्याचे फक्त वाहकाकडे. शाळा सुरू असताना दुपारची एक फेरी हमखास असते, सुट्टीत ती बंद होऊ शकते. आठवडी बाजाराच्या दिवशी वडाप, म्हणजे खासगी प्रवासी गाडी, दिवसभर धावते, एरवी दुपारी तिचा चालक झाडाखाली झोपलेला सापडतो. रायगडात मिनीडोर, घाटावर वडाप, कर्जतकडे टमटम अशी नावे बदलतात, पण जागा भरल्याशिवाय निघायचे नाही हा नेम सगळीकडे एकच. घाई असेल तर उरलेल्या जागांचे पैसे द्यावेत; घासाघीस करण्यात जो वेळ जातो त्यात लोकल निघून जाते.

आखणी नेहमी शेवटच्या गाडीपासून मागे करायची असते. शेवटची गाडी पाचला असेल तर तिच्या आधीची धरण्याच्या बेताने दिवस मोजायचा, म्हणजे एक हातची राहते. तीही चुकली तर जवळच्या फाट्यापर्यंत किती किलोमीटर चालावे लागेल, हे निघतानाच माहीत हवे. हा आकडा दहाच्या वर असेल तर तो बेत एका दिवसाचा नाही. रविवारी आणखी एक अडसर: मुंबईच्या उपनगरी मार्गांवरचा मेगाब्लॉक. तो बहुधा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारनंतर संपतो, म्हणून पहाटे गेलेल्या आणि अंधार पडताना परतणाऱ्याला त्याची झळ कमी लागते. दुपारी दोनलाच दमून स्थानकात आलेल्याला ती पुरेपूर लागते. पुणे-लोणावळा लोकलमध्येही दुपारी काही तासांची पोकळी आहे. भरदुपारी मळवलीहून परतायचे ठरवणाऱ्याने हे आधी पाहावे.

गाड्या कमी झाल्या आहेत, हे मात्र नाकारता येत नाही. टाळेबंदीनंतर एसटी सावरत होती तोच २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्या काळात बंद झालेल्या काही खेड्यांच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. तीस वर्षांपूर्वीच्या भटकंतीच्या पुस्तकात लिहिलेली दुपारची गाडी आज असेलच असे नाही. जुन्या पुस्तकावर विसंबून निघालेल्याची फजिती होते ती यामुळे, आणि ती खरी फजिती आहे. मात्र यातून निघतो तो निष्कर्ष एवढाच, की वेळा दरवेळी नव्याने विचाराव्यात. गाडी विकत घ्यावी हा निष्कर्ष यातून निघत नाही. तसा तो निघाला असता तर त्या गावातल्या प्रत्येक घरासमोर मोटार दिसली असती.

सुरक्षिततेच्या आक्षेपातही तथ्य आणि कल्पना यांची सरमिसळ आहे. गावाकडे जाणारी साधी एसटी हे अनोळखी लोकांनी भरलेले वाहन असते, पण ते लोक एकमेकांना ओळखतात. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे, ग्रामीण मुलींना शाळेसाठी मोफत पास आहे. शाळा सुटल्यावरच्या फेरीत बसून पाहिले तर अर्ध्याहून अधिक गाडी दप्तरे सांभाळणाऱ्या मुलींची असते. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना तिकीटच नाही. आजी-आजोबांनी गार्बेट चढावा असे कोणी म्हणणार नाही, पण भाज्याच्या लेण्यांपर्यंत जायला त्यांना गाडीची गरज नाही. धोका असतो तो दुसरीकडे: माणसे कोंबून, मागच्या पायरीवर उभी करून घाटात पळणारी जीप, आणि अंधारात सामसूम झालेला फाटा. पहिलीत बसू नये. दुसऱ्यावर उजेड असेपर्यंत पोहोचावे. हा नियम बायकांना जितका, तितकाच पुरुषांनाही. पावसाळ्यात ओढा फुगला की स्वतःची गाडी पलीकडे उभी असणे काहीच कामाचे नसते, हेही इथेच नोंदवावे.

स्वतःची गाडी नाही म्हणून ट्रेकच्या बसमध्ये जागा धरणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा. नवख्याला अवघड नाळेत, म्हणजे कड्यातल्या घळीत, किंवा दोर लावायच्या टप्प्यावर जाणता माणूस सोबत हवाच, आणि तो चांगल्या संस्थांकडे असतो. याबद्दल वाद नाही. पण एक बस भरायला चाळीसेक माणसे लागतात. चाळीस माणसे जमतील अशी ठिकाणे मोजकी. म्हणून सगळ्या बसेस कलावंतीण, हरिहर आणि देवकुंडच्या दिशेने निघतात. हरिहरच्या कोरीव पायऱ्यांवर चढणाऱ्यांची आणि उतरणाऱ्यांची रांग समोरासमोर येते ती या गणितामुळे. शिवाय ही बसही एका जागी उभी राहते आणि माणसांना तिथेच परत आणते. म्हणजे गाडीची बेडी तशीच राहिली, फक्त ती चाळीस जणांत वाटली गेली.

एसटी-रेल्वेने होत नाही असेही काही आहे. वेल्ह्याच्या पलीकडे मोहरी-सिंगापूरसारख्या कड्याच्या काठावरच्या वस्त्यांपर्यंत नेणाऱ्या गाडीवर बेत आखता येत नाही. तिथून नाळेने कोकणात उतरायचे तर वेल्ह्यातून जीप ठरवणे भाग आहे. जीप माणसांना माथ्यावर सोडते, माणसे नाळ उतरून महाडची एसटी धरतात आणि जीप रिकामी परत जाते. चालक भाडे दोन्ही वेळचे मागतो, तेव्हा ते वेल्ह्यातच बोलून घ्यावे.